धुलाईघरातल्या कौसाबाई

कौसाबाईंच्या हातात कुठलंही कापड आलं की ते आधी नाकाशी जायचं. पलंगावरची चादर असो, ऑपरेशनचा हिरवा झगा असो, नाहीतर वीतभर दुपटं. एकदा दवाखान्यात आलेल्या एका साहेबांचा रुमाल जिन्यात पडला. कौसाबाईंनी तो उचलून दिला खरा, पण देण्याआधी सवयीनं हुंगला आणि म्हणाल्या, "साहेब, घरी उन्हात वाळू घालत न्हाईत का?" साहेब बिचारे ओशाळून हसले. आमच्या डॉक्टर मॅडमनी कपाळाला हात लावला. कौसाबाईंना मात्र आपण काही वावगं बोललो असं वाटलंच नाही. दमट वास आला म्हणून विचारलं, एवढंच.

हिंगोलीतल्या त्या बाळंतपणाच्या दवाखान्यात मी सहा वर्षं नर्स होते. इमारतीच्या मागं जनरेटरला लागून पत्र्याची लांबट खोली होती. तिला आम्ही धुलाईघर म्हणायचो. दोन मोठी मशिनं, एक सुकवणी, एक लोखंडी टेबल, भिंतीवर बुद्धाचा लहानसा फोटो आणि त्याच्याखाली खिळ्याला टांगलेली कौसाबाईंची पिशवी. त्या मूळच्या पुसेगावच्या. उंच, हाडापेरानं मोठ्या. साडीचा काचा मारून खाली काळे गमबूट घालायच्या. पाण्यात हात सतत असल्यामुळं बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली. सकाळी आल्या की "जयभीम सिस्टर" म्हणायच्या आणि माझ्या उत्तराची वाट न बघता आदल्या दिवशीच्या कपड्यांचा ढीग उपसायला लागायच्या. घरचं कधी बोलल्या नाहीत. नवरा नव्हता, पुसेगावला भाऊ होता, हिंगोलीत एक भाड्याची खोली होती, यापलीकडं मला त्यांच्याबद्दल माहिती नव्हती, आणि त्यांच्याजवळ बसलं की ती लागायचीही नाही.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी कौसाबाई स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी घेऊन वर वॉर्डात आल्या. टाके घालायची वाकडी सुई होती. ऑपरेशनच्या कपड्यांत राहून गेलेली. त्यांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. आम्ही चौघी नर्सा एका जागी उभ्या राहिलो. ती सुई माझ्याकडून राहिली होती. कपडे गुंडाळताना मीच ती मोजली नव्हती.

कौसाबाईंनी ट्रे टेबलावर ठेवला. "ही कोनाची हाय ते मला सांगू नका," त्या म्हणाल्या. "ज्याची हाय त्याला ठावं हाय. आज माझ्या अंगठ्यात गेली, उद्या लेकराच्या पाठीत जाईल. एवढंच सांगायला आले." आणि गेल्या. मॅडमच्या कानावर ती गोष्ट त्यांनी कधीच घातली नाही. मी दुसऱ्या दिवशी खाली जाऊन कबूल केलं, तेव्हा त्या चादरीची घडी घालत होत्या. मला दुसरं टोक धरायला लावलं, घडी पुरी केली आणि म्हणाल्या, "झालं. आता मोजत जा." तो विषय तिथंच संपला.

त्यांचे कान नाकाइतकेच तिखट. मशीन फिरत असताना त्या पाठ करून इस्त्रीला बसायच्या, पण लक्ष सगळं आवाजावर. एकदा मी खाली गेले असताना त्या एकाएकी उठल्या आणि मशीन बंद केलं. "आत चांदी हाय," म्हणाल्या. मला काही वेगळं ऐकू आलं नव्हतं. ओल्या चादरींच्या गोळ्यातून त्यांनी एक जोडवं काढलं. "लोखंड असतं तर टनटन वाजलं असतं. हे मऊ वाजत व्हतं." ते जोडवं त्यांनी वॉर्डात नेऊन ज्या बाईचं होतं तिच्या पायात स्वतः घातलं. ती बाई नुकतीच बाळंत झालेली, वाकता येत नव्हतं.

त्यांचं एक म्हणणं आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं: "कापड लेकराच्या अंगाला लागतं, आपल्या डोळ्याला न्हाई." पांढरंशुभ्र दिसतंय म्हणून त्या कापड पास करायच्या नाहीत. चुरगाळून बघायच्या, गालाला लावायच्या, मग ढिगावर ठेवायच्या. कुणी नवी आया भरपूर पावडर ओतायला लागली की तिचा हात धरायच्या. "फेसाला भुलू नको. फेस दिसतो, सफाई दिसत न्हाई."

तर अशा बाईच्या धुलाईघरात एका उन्हाळ्याच्या तोंडाशी अंकिता आली. ही सेनगावकडचीच मुलगी, पुण्यात शिकून आलेली, मैत्रिणीबरोबर छोटीशी कंपनी काढलेली. जुन्याच मशिनांना नवी अक्कल बसवून देणं हा त्यांचा धंदा. तिनं भिंतीवर एक पंप बसवला. त्यातून चार नळ्या निघून चार कॅनांत गेल्या. साबणाचं पाणी, डाग काढायचं औषध, जंतू मारायचं औषध आणि शेवटी कपडे मऊ करायचं. कोणत्या धुण्याला कशातलं किती घ्यायचं ते पंप आपलं आपण घेणार. शिवाय मशीनच्या अंगाला हाताच्या पंजाएवढी एक डबी चिकटवली. तिची एक वायर सांडपाण्याच्या पाइपात गेली होती. मशीन किती हादरतं हे डबी बघणार, आणि शेवटच्या खळबळीचं पाणी स्वच्छ निघालं का तेही बघणार. स्वच्छ असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल, आणि तोच निरोप मॅडमच्या मोबाइलवर.

कौसाबाई कमरेवर हात ठेवून सगळं बघत होत्या.

"मग मी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"कपडे टाकायचे आणि बटण दाबायचं, मावशी."

"आन् साबन?"

"साबण पंप घेईल."

"किती घ्यायचा ते त्याला कोन सांगतं?"

"मी सांगून ठेवलंय."

कौसाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू घरी कपडे धुतीस का?"

अंकिता लाल झाली. "आई धुते," म्हणाली.

"बरं," कौसाबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. पोरगी खरं बोलली, हे त्यांना आवडलं असावं.

आम्हाला वाटलं होतं, आता रोज कुरबूर होणार. झालं उलटंच. पावडर उडायची बंद झाली तशी कौसाबाईंची जुनी खोकल्याची ढास गेली. औषधाच्या पाण्यानं हाताची आग व्हायची ती थांबली. "लई तकलीफ वाचली," त्या मोकळेपणानं म्हणायच्या. फरशी धुताना डबीवर प्लास्टिकची पिशवी चढवायच्या, पोराच्या डोक्याला पावसात टोपडं बांधावं तशी. महिनाभरानं एकदा डबीनं मॅडमच्या मोबाइलवर कळवलं की मशीन जास्त हादरतंय. मॅडमनी विचारायला पाठवलं. कौसाबाईंनी मशीनला कान लावला आणि सांगितलं, "न्हाई, बराबर चाललंय." तिसऱ्या दिवशी त्याच मशीनचं बेअरिंग गेलं. तेव्हापासून त्या सगळ्यांना सांगायच्या, "डबीचा कान माझ्यापरीस तेज हाय." हे सांगताना त्यांना कमीपणा वाटायचा नाही. पण याच गोष्टीनं पुढं घात केला, असं मला आता वाटतं.

उन्हाळाभर दवाखान्याला बोअरचंच पाणी होतं. आमच्याकडचं बोअरचं पाणी खारं, बादलीला पांढरे थर धरणारं. पावसाळा लागला, धरणात पाणी आलं आणि नगरपालिकेचे नळ नेमानं सुटायला लागले. मॅडमनी प्लंबर बोलावून वरच्या टाकीला नळाची लाइन जोडून घेतली. सगळे खूश झाले. चहासुद्धा गोड लागायला लागला. त्या बदलाची याहून जास्त दखल कुणी घेतली नाही.

साधारण आठवड्याभरात वॉर्डातल्या एका बाळाच्या पाठीवर लाल पुरळ उठलं. मग दुसऱ्याच्या मांड्यांवर. मग एकाच दिवशी तिघांच्या. नव्या बाळांना पुरळ येतंच, म्हणून आम्ही आधी मनावर घेतलं नाही. पण ही बाळं रडायला लागली, अंगाला हात लावू देईनात. मॅडमचा चेहरा उतरला. दवाखान्यात कातडीचा संसर्ग पसरला तर काय होतं, हे आम्हाला माहीत होतं. नमुने घेऊन नांदेडच्या लॅबला पाठवले. बाळंतपणाला नव्या बाया दाखल करून घेणं थांबवलं. एक जोडपं भांडून आपलं बाळ घेऊन गेलं. वॉर्डातून चालताना नातेवाइकांच्या नजरा पाठीला टोचायच्या.

याच वेळी काचेच्या खोलीत रेखाचं बाळ होतं. कमी वजनाची बाळं आम्ही या खोलीत उबेखाली ठेवायचो. रेखा माझ्याच गावची, शिरड शहापूरची. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर दिवस राहिले आणि मुलगा दीड महिना आधीच झाला. मुठीएवढं तोंड, आणि रडला तर मांजराचं पिलू बोलल्यासारखं. रेखाची सासू दिवसभर काचेला कपाळ लावून उभी असायची. मी जाता-येता तिला म्हणायचे, "मामी, बसा थोडं." ती म्हणायची, "बसले आन् त्यानं इकडं पाहिलं तर?"

काचेच्या खोलीतल्या बाळांना अजून पुरळ आलं नव्हतं. मी दर दोन तासांनी त्यांची अंगं तपासत होते आणि संसर्ग नेमका कुठून येतोय याचा विचार करत होते. अशा वेळी दुपारी धुलाईघराच्या मागच्या नळावर मी कौसाबाईंना पाहिलं. मशीनमधून निघालेले बाळांचे कपडे बादलीत टाकून त्या हातानं खळबळत होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मशीनमध्ये कडक गरम पाण्यात, औषधात धुतलेलं कापड बाहेर काढून उघड्या नळावर, उघड्या बादलीत! जंतू यायला याहून चांगली वाट कोणती?

मी वर गेले आणि मॅडमला सांगितलं. सुईची गोष्ट मला त्या वेळी आठवली होती. आठवूनही मी सांगितलं.

मॅडमनी कौसाबाईंना केबिनमध्ये बोलावलं. मी दाराशी उभी होते.

"कौसाबाई, मशीनमधले कपडे तुम्ही परत हातानं धुता?"

"व्हय."

"का?"

"चिकट लागून राहिलेत, मॅडम. साबन ऱ्हातोय."

मॅडमनी मोबाइल पुढं केला. गेल्या दहा दिवसांतलं एकूणएक धुणं त्यावर होतं, आणि प्रत्येकापुढं हिरवी खूण. "डबी म्हणते पाणी स्वच्छ निघतंय. एकदाही लाल नाही."

कौसाबाई त्या हिरव्या खुणांकडं बराच वेळ बघत राहिल्या. नंतर आपल्या बोटांकडं पाहिलं. "डबी म्हनते तर तसंच असंल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मलाबी दोन-चारदा वाटलं, आपलंच वय झालं. हाताला भरम व्हत असंल."

मॅडम कठोर बाई नव्हत्या, पण त्या आठवड्यात त्यांना झोप नव्हती. "रिपोर्ट येईपर्यंत तुम्ही घरी थांबा," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यामागं धुलाईघरात गेले. कौसाबाईंनी गमबूट काढून भिंतीशी जोडीनं ठेवले, खिळ्यावरची पिशवी घेतली आणि गेल्या. माझ्याजवळून जाताना थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "काचेच्या खोलीतले कपडे उन्हात घाला, सिस्टर. सुकवणीत नका घालू."

आम्ही सुकवणीतच घातले. डबी हिरवी होती, नियम नियमाप्रमाणं चालले होते. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी रेखाच्या बाळाचं झबलं वर केलं, तर त्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत लालभडक झालेली.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. सासू काचेपाशी खाली बसली. पहिल्यांदाच बसली. रेखा नुसती माझ्या तोंडाकडं बघायची. तेवढ्या पातळ कातडीतून जंतू आत गेले तर ते बाळ टिकणार नाही हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला दिसत होतं.

दुपारी नांदेडहून रिपोर्ट आला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि खुर्चीत मागं टेकल्या. "काही उगवलं नाही," त्या म्हणाल्या. "संसर्ग नाही." छातीवरचा अर्धा दगड उतरला. पण संसर्ग नाही तर मग काय? पुरळ तर समोर होतं.

मी काचेच्या खोलीत परत आले. बाळाच्या अंगाखालचं दुपटं बदलायला घेतलं आणि हात थबकला. कौसाबाईंच्या बादलीत मी पाहिले होते ते याच खोलीतले इवले कपडे, आणि इथली बाळं दहा दिवस ठणठणीत होती. कौसाबाई घरी गेल्या आणि मगच यांना पुरळ उठलं. संसर्ग कौसाबाईंच्या बादलीतून येत असता, तर याच्या उलट व्हायला हवं होतं. "चिकट लागून राहिलेत," असं त्या म्हणाल्या होत्या. मी कपाटातलं एक धुतलेलं, कोरडं दुपटं घेतलं, स्टीलच्या घमेल्यात साधं पाणी घेतलं, दुपटं त्यात बुडवलं आणि जोरानं घुसळलं.

घमेल्यावर फेस आला. बोटभर उंच, पांढरा फेस.

ते घमेलं तसंच उचलून मी मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी फेसात बोट घातलं, अंगठ्याशी घासून पाहिलं. अंकिताला फोन लावून ताबडतोब यायला सांगितलं. मला म्हणाल्या, "काचेच्या खोलीतले सगळे कपडे तीन पाण्यांतून काढून घे. कौसाबाई भावाकडं गेल्यात म्हणे, मी पुसेगावला जाऊन येते." मग दारापर्यंत जाऊन वळल्या. "तू पण चल. आया धुतील."

पुसेगावात कौसाबाई भावाच्या शेतात सोयाबीन खुरपत होत्या. मॅडमची गाडी बांधाशी थांबलेली बघून त्या उठल्या, खुरपं तसंच हातात. मॅडम चिखलातून चपला हातात घेऊन चालत गेल्या. त्यांनी बोलायला तोंड उघडण्याआधीच कौसाबाईंनी विचारलं, "लेकरू कसं हाय, त्या शिरडच्या बाईचं?"

"अंगावर उठलंय," मॅडम म्हणाल्या. "कौसाबाई, साबणच आहे. तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं."

कौसाबाईंनी डोळे मिटले. क्षणभर मला वाटलं, त्या रडणार. पण त्यांनी एक लांब श्वास सोडला, खूप दिवस अडकून राहिलेला. "म्हंजे हात बराबर हाय माझा," त्या म्हणाल्या. बस्स एवढंच. भावाच्या हातात खुरपं दिलं, बांधावरच्या पाटात पाय धुतले आणि गाडीत बसल्या.

आम्ही पोचलो तेव्हा अंकिता सेनगावहून स्कूटीवर येऊन धुलाईघरात जमिनीवर बसली होती. लॅपटॉप मांडीवर, केस विस्कटलेले. डबी तिनं पुन्हा पुन्हा तपासली होती. डबी ठीक होती, वायर ठीक होती, पंपही ठरवून दिलेला साबण थेंबाथेंबाला बरोबर घेत होता.

"मी आजच ती काढून टाकणार आहे," मॅडम म्हणाल्या.

"काहून काढता?" कौसाबाई गमबूट चढवत होत्या. "तिचा काय कसूर? पानी बदललं, हे तिला सांगितलं का कोनी?"

आम्ही तिघी त्यांच्याकडं बघायला लागलो.

"ही बसवली तवा बोअरचं खारं पानी व्हतं," कौसाबाई सांगायला लागल्या. "खाऱ्या पान्याला साबन लई लागतो, अन् फेस धरत न्हाई. या पोरीनं त्या हिशोबानं पंपाला सांगून ठेवलं. आता नळाचं गोडं पानी आलं. त्याला निम्मा साबन पुरतो. पन पंप आपला तेवढाच ओतून राहिला."

अंकिताचा चेहरा पांढरा पडला. तिनं लॅपटॉप बंद केला. "मावशी, चूक माझी आहे," ती म्हणाली. मग आमच्याकडं वळून नीट समजावून सांगितलं. पाण्यात किती क्षार विरघळलेत हे डबी मोजते. साबण राहिला की ते मोजमाप वाढतं. बोअरच्या पाण्यात मुळातच क्षार भरपूर, म्हणून तिनं डबीला शिकवलं होतं की इथपर्यंत मोजमाप आलं तरी ते स्वच्छच समज. नळाच्या पाण्यात क्षार कमी. त्यात साबण राहिला तरी मोजमाप त्या रेघेच्या खालीच राहायचं, आणि डबी इमानदारीत हिरवा दिवा लावायची. "येणारं पाणी रोज आधी मोजायला हवं होतं. मी एकदाच मोजलं."

ती रडवेली झाली होती. कौसाबाईंनी तिला हात धरून उठवलं. "रडू नको. आता मोज. मी हाय हितंच."

रात्री उशिरापर्यंत त्या दोघी धुलाईघरात होत्या. अंकिता साबण कमी करायची, एक खेप धुवून काढायची. कौसाबाई शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन बोटं चोळायच्या. "अजून हाय." पुन्हा कमी. "अजून हाय जरासा." शेवटी त्यांनी ओंजळ रिकामी केली, हात झटकले आणि म्हणाल्या, "आता निस्तं पानी हाय." अंकितानं त्या क्षणाचं मोजमाप डबीत भरलं. त्या दिवसापासून रोज सकाळी डबी आधी आत येणारं पाणी मोजते आणि मग बाहेर जाणाऱ्याशी ताडून बघते. शिवाय अंकितानं मशीनवर एक मोठं निळं बटण बसवलं. कौसाबाईंच्या हाताला चिकट लागलं, तर ते दाबायचं. डबी काहीही म्हणो, मशीन आणखी एक पाणी घेणार.

दवाखान्यातलं झाडून सगळं कापड दोन दिवसांत परत धुतलं. रेखाच्या बाळाची पाठ पहिल्या दिवशी तशीच होती. दुसऱ्या दिवशी लाली फिकी पडली. चौथ्या दिवशी सकाळी मी झबलं वर केलं, तर कातडी परत बाळाच्या कातडीसारखी होती. मी काचेतून सासूला हात केला. ती आत येऊ शकत नव्हती. तिनं बाहेरूनच पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडली. ती इतके दिवस रडलीच नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. वॉर्डात बायका एकमेकींना हाका मारून सांगत होत्या. मॅडमनी त्या दुपारी केबिनचं दार लावून दोन तास झोप काढली, आणि आम्ही कुणालाही त्या दाराजवळून मोठ्यानं बोलत जाऊ दिलं नाही.

त्याच दुपारी मी धुलाईघरात गेले. कौसाबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

"मॅडमला मीच सांगितलं होतं," मी म्हणाले. "तुम्ही हातानं धुता ते."

"ठावं हाय मला."

"तुम्ही माझी सुई कुणाला सांगितली नव्हती."

त्यांनी घडी थांबवली. "सुई काढून झाली व्हती, सिस्टर. हे चालू व्हतं. तुमी पाह्यलं ते सांगितलं, बराबर केलं. लेकरांच्या बाबतीत कोनाचा भरोसा धरू नये. माझाबी न्हाई." मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला दुसरंच लागलं. मी माझाच भरोसा सोडला व्हता. दोन-तीन दिवस शेतात खुरपताना हात पान्यात घालून बघायचे, की ह्याला काही कळतं का आता. ते वंगाळ व्हतं."

मी दुपट्याचं एक टोक धरलं. आम्ही घड्या घातल्या.

रेखाचं बाळ दोन किलोच्या पुढं गेलं तेव्हा घरी निघालं. जाताना रेखा त्याला घेऊन मागं धुलाईघरात आली आणि कौसाबाईंपुढं धरलं. कौसाबाईंनी हात धुतले, पुसले, उन्हात धरून कोरडे केले, तोवर रेखा हात लांबवून उभी. मग त्यांनी ते घेतलं. बाळानं त्यांच्या सुरकुतल्या बोटाला धरलं आणि सोडेना. "मोठा हट्टी होनार हाय," त्या म्हणाल्या. त्यांना एवढं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

मी पुढच्या वर्षी लग्न होऊन वाशिमला गेले. वर्षभरानं कळलं, कौसाबाईंनीही दवाखाना सोडला, पण काम सोडलं नाही. अंकितानं त्यांना आपल्याकडं नेलं होतं. कुठं वसतिगृहात, कुठं दवाखान्यात डबी बसवायची असली की ती आधी कौसाबाईंना तिथलं पाणी दाखवून आणायची. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन सांगितल्याशिवाय ती पंपाला हात लावायची नाही म्हणे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते माहेरी जाताना. आमची बस कनेरगाव नाक्यावर थांबली होती. रस्त्यापलीकडं धाब्यासमोर अंकिताची स्कूटी उभी होती. अंकिता पुढं बसून चहा पीत होती. मागच्या सीटवर कौसाबाई. डोक्यावरच्या पदरावरून लालभडक हेल्मेट, मांडीवर नळ्यांचं खोकं. हेल्मेटची काच वर करून त्या बशीतल्या चहावर फुंकर घालत होत्या आणि मोकळ्या हातानं अंकिताला काहीतरी जोरात समजावून सांगत होत्या. मी खिडकीच्या काचेवर टकटक केली. खिडकी उघडेना. हाका मारल्या, पण मधून ट्रक चालले होते. त्यांनी एकदा बसकडं पाहिलं, मी त्यांना दिसले नाही.

कंडक्टरनं घंटी वाजवली. बस हलली तेव्हा त्यांनी बशी धाब्यावरच्या माणसाच्या हातात दिली, काच खाली ओढली आणि अंकिताच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. निघ आता.